केळेयंडा घराण्याच्या बंदुकीवरचा पांढरा सात

ठिकाण: नेल्लिकोप्प पोलीस ठाणे, जिल्हा कोडगू. तारीख २ सप्टेंबर २०१९. वेळ सकाळी ११.४०.

नाव: पोन्नव्वा कुट्टप्पा ऐरी. वय: ५८ पूर्ण. धंदा: कोरलेल्या अक्षरांत रंग भरणे. राहणार: लोहारआळी, बसस्टँडच्या मागे, नेल्लिकोप्प.

मी कोणी बोलावलं नसताना, स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले आहे आणि फौजदार शशिरेखा मॅडम यांच्यासमोर शुद्धीवर राहून सांगते ते असे की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझे पती कुट्टप्पा हे बंदुका दुरुस्त करीत व त्यांवर नावं-नंबर कोरीत. ते २०१३ साली वारले. कोरायचं काम तेव्हापासून बंद आहे. रंग भरायचं काम मी करते.

धंद्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, माझ्याकडे दारावरच्या पितळी पाट्या, शाळांचे चषक, चर्चमागच्या थडग्यांचे दगड येतात. कैलपोळ्द या शस्त्रपूजेच्या सणाआधीचे पंधरा दिवस मात्र फक्त बंदुका. लावणी आटोपली की घरोघरच्या बंदुका पुसून, तेल देऊन दिव्यापाशी पूजेला मांडतात. काळवंडलेल्या अक्षरांची बंदूक पूजेत ठेवायला कोणालाच बरं वाटत नाही. नंबर सगळ्यांचा पांढरा. घराण्याचं नाव ज्याच्या त्याच्या रंगात. केळेयंडांचा रंग शेंदरी आहे. शिवाय सणाला नारळ फोडायच्या नेमबाजीत सगळ्यांच्या रायफलींची मॅगझिनं, म्हणजे गोळ्या भरायच्या पेट्या, एकाच टेबलावर पडतात आणि त्यावरून दरवर्षी भांडणं होतात, म्हणून त्यांवरही आकडे कोरून रंग भरून घेतात. हवालदार नागराजू हे तुमकूरकडचे आहेत. त्यांनी मला विचारलं, "रंगाने नेम सुधारतो का हो?" मी म्हटलं, "टिळा लावून तुमचा पगार वाढतो का?" हे लिहायची गरज नाही असं हवालदारांचं म्हणणं पडलं. मॅडमनी राहू दे म्हटलं.

रंग कसा भरतात असं विचारल्यावरून सांगते की, मेणात कालवलेला रंग कोमट करायचा, अक्षरावर दाबायचा आणि पुठ्ठ्याच्या कडेने आडवा ओढून वरचा काढून टाकायचा. खाचेत बसला तो राहतो. यात काही जादू नाही. पण एक गोष्ट आहे, आणि मी इथे आले ती तिच्यासाठीच. रंगाला फक्त खाच कळते. ती कोणी मुद्दाम पाडली की आपोआप पडली, हे त्याला कळत नाही. ते माणसाने बघायचं असतं.

माझे पती हयात असताना नावं आणि वेलबुट्टी मी रंगवीत असे. नंबर ते स्वतः करीत, मला हात लावू देत नसत. आधी टर्पेंटाइनने धूत, मग डोळे मिटून अंगठ्याच्या नखाने एकेक आकडा चाचपीत आणि मोठ्याने म्हणत. ठोकलेल्या आकड्याच्या खाचेचा तळ सपाट लागतो आणि खाच जिथे संपते तिथे चटकन संपते. ओरखडा शेवटाला बारीक होत जातो. मी हसायची. "डोळे दिलेत ना देवाने? मग आंधळ्यासारखं काय चाललंय?" ते म्हणत, "डोळ्यांना वाचायची घाई असते, पोन्नी. नखाला नसते." पाहुणे आले की मी त्यांची नक्कल करून दाखवीत असे.

केळेयंडा घराण्याच्या बंदुकीबाबत विचारल्यावरून सांगते की, ती जुनी एकनळी बंदूक असून मी तिला लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. ती घराण्याची आहे, कोणा एकाची नाही. घराण्यात मूल जन्मलं की तिचा एक बार निघतो आणि माणूस गेलं की दोन. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे रंगाला आली. पती गेल्यानंतरचा माझा तो पहिला हंगाम. चाळीसएक बंदुका होत्या आणि हात दोन. तिचा नंबर नळीच्या बुडाशी आहे, इंग्रजी आकड्यांत. लाकडाखाली आणखी एका जागी होता तो गंजाने खाल्ला आहे. मी जुना रंग काढला, नवा भरला, पुठ्ठा ओढला. पांढरे आकडे ४३६७ असे उठून दिसले. छान दिसले. नखाने चाचपले का असं मॅडमनी विचारलं. नाही चाचपले.

यंदा जुलैमध्ये बंदुकीचा दाखला नवा करायचा होता म्हणून घराण्यातले केळेयंडा बिद्दप्पा हे ती घेऊन कचेरीत गेले. जुन्या दाखल्यावर नंबर ४३६१ निघाला. कचेरीतल्या कारकुनाने बंदुकीवरचा ४३६७ वाचला आणि दाखला अडवला. पुढचं ठाण्याला माहीत आहेच, कारण बिद्दप्पांनी फिर्याद इथेच दिली. फिर्याद त्यांचे चुलतभाऊ पूवय्या यांच्यावर आहे. पूवय्या हे पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले असून त्यांचं वय ६३ आहे. २०१४ सालीच, ती माझ्याकडे रंगाला येण्याआधी, त्यांनी रानडुकरं हाकायला बंदूक चार महिने आपल्या शेतावर नेली होती. तिचा लाकडी दस्ता चिरला होता, तो त्यांनी तेव्हाच स्वतः नवा बसवून आणला. आता लाकूडही वेगळं आणि नंबरही वेगळा. बिद्दप्पांचं म्हणणं असं की पूवय्यांनी घराण्याची खरी बंदूक विकली आणि तसलीच दुसरी आणून ठेवली.

१४ जुलै रोजी केळेयंडांच्या अंगणात घराण्याची बैठक बसली. रंग माझा म्हणून मलाही बोलावणं आलं. घराण्याचे थोरले मेदप्पा आज्जा, वय ८४, हे खुर्चीवर होते. बिद्दप्पा मोठ्याने बोलत होते. ते असे म्हणाले की, "घराण्याची बंदूक विकून खाल्ली, आणि वर मिशीला पीळ देऊन समोर बसलाय बघा!" पूवय्या म्हणाले, "बिद्दप्पा, इग्गुतप्पा देवाची आण घेऊन सांगतो, बंदूक हीच आहे. माझ्या खांद्याला तिचा धक्का ठाऊक आहे." त्यावर बिद्दप्पा म्हणाले, "तुझा खांदा आता कचेरीत दाखवू का? दाखला म्हणून?" काही लोक हसले. मीही हसले. हसू आलं म्हणून हसले.

मग मेदप्पा आज्जांनी मला विचारलं, "पोन्नव्वा, हा आकडा तू रंगवलास. नीट बघून रंगवलास ना?" त्यावर मी जे बोलले ते जसंच्या तसं सांगते. मी म्हटलं, "आज्जा, तीस वर्षं हेच करतेय. जे कोरलेलं असतं तेच मी रंगवते. माझा रंग खोटं बोलत नाही." अंगणात साठ-सत्तर माणसं होती. पूवय्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हे माझ्यावर ओरडणार. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पोन्नव्वा सात म्हणते तर सात असेल. तिच्या कामात खोट नाही. पण बंदूक हीच."

बैठकीत असं ठरलं की खरी बंदूक सापडेपर्यंत पूवय्यांनी घराण्याच्या पूजेत शस्त्राला हात लावायचा नाही, फूल वाहायचं नाही, दिव्याच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसायचं. ही गोष्ट कोडगूबाहेरच्या माणसाला किती लागेल ते मला सांगता येत नाही. हवालदार नागराजूंनी विचारलं, "फक्त फूलच ना?" हो. फक्त फूल. तोकपू म्हणजे कळलावीचं फूल, ते नळीच्या तोंडात खोवतात. पूवय्या चाळीस वर्षं ते स्वतः रानातून आणतात. पलटणीत होते तेव्हासुद्धा रजा त्याच आठवड्याची काढीत. बैठकीनंतर त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं असं ऐकते. बंदूक ठाण्यात जमा झाली. नंबरात खाडाखोड केल्याचा गुन्हा लागला तर तुरुंगही आहे, हे मला मॅडमनी आज सांगितलं. आधी माहीत नव्हतं.

हे आता का सांगता असं विचारल्यावरून सांगते की, २८ ऑगस्ट रोजी बिद्दप्पांची मुलगी देचम्मा, वय २४, ही तिच्या रायफलीची पाच मॅगझिनं माझ्याकडे देऊन गेली. त्यांवर एक ते पाच असे इंग्रजी आकडे कोरलेले आहेत. ती नेम चांगला मारते. गेल्या वर्षी नारळ तिनेच फोडला आणि गावातले सगळे मिशीवाले बघत राहिले. तिला हिरवा रंग हवा होता. मी भरून दिला. ३१ तारखेला सकाळी ती परत आली ती हसतच. म्हणाली, "मामी, माझी मॅगझिनं पाच. मग हा सात नंबर कुठून पैदा केलात?"

मी म्हटलं, "सात कसला? वेडी का काय!" तिने मॅगझिन माझ्या हातात दिलं. खरोखर सात. हिरवागार, ठसठशीत. मी चष्मा लावला, तरी सात. भिंग घेतलं, तरी सातच. पण हे मॅगझिन एक नंबरचं, हे तिलाही माहीत आणि मलाही. मला मोठी गंमत वाटली. हे झालं कसं, ते बघितल्याशिवाय मला राहवेना. चूल पेटलेली होती, ओट्ट्या, म्हणजे तांदळाच्या भाकऱ्या, करायच्या होत्या, ते तसंच टाकून मी टर्पेंटाइन घेतलं आणि रंग काढला. एकची उभी काडी दिसली, आणि तिच्या डोक्यापासून डावीकडे एक तिरपा ओरखडा. देचम्मा म्हणाली, "हां, हे तुमच्याकडे आणायच्या आधी दगडावर पडलं होतं." मी नख फिरवलं. काडी सपाट आणि एकसारखी. ओरखडा बारीक होत होत संपला.

देचम्मा म्हणाली, "मामी, काय झालं? बसा आधी." मी बसले. तिला वाटलं मला चक्कर आली. मी तिला विचारलं, "बाळ, तुमच्या बंदुकीचा शेवटचा आकडा काय गं?" ती म्हणाली, "दाखल्यावर एक. बंदुकीवर सा…" आणि तिथेच थांबली. पोरगी हुशार आहे. हातातल्या मॅगझिनकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "अय्यो, मामी." ओट्ट्यांचा तवा तापून धूर निघाला तेव्हा आम्ही दोघी उठलो.

त्या रात्री माझं जेवण झालं नाही. काल, १ तारखेला, मी ठाण्यात येऊन बंदूक बघायला मागितली. हवालदार नागराजू म्हणाले, "आजी, तो मुद्देमाल आहे, भाजी नाही दाबून बघायला." मी म्हटलं, "दाबून नाही, नखाने बघायचीय." त्यांनी मला घरी पाठवलं. ते त्यांच्या जागी बरोबर होते, माझी तक्रार नाही. आजी म्हटलं त्याबद्दल आहे.

आज सकाळी नऊ वाजता मी पुन्हा आले. देचम्मा सोबत होती. फौजदार मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूवय्या तुमचे कोण?" मी सांगितलं, नात्याचे कोणी नाहीत. माझे पती गेले तेव्हा आमच्या अंगणात दोन बार काढले ते पूवय्या अण्णांनी. ही बंदूक घराण्याबाहेरच्या माणसासाठी सहसा काढत नाहीत. मेदप्पा आज्जांना विचारून ते घेऊन आले होते. कुट्टप्पाने हिची तीस वर्षं निगा राखली, हिने त्याला पोचवायला नको का, असं म्हणाले होते. हे मी बैठकीत सांगायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या रंगाबद्दल विचारत होते, मी रंगाबद्दल बोलले.

त्यानंतर मॅडमनी फिर्यादी बिद्दप्पा यांना निरोप पाठवला, पूवय्यांनाही बोलावलं, आणि दोन पंच समोर बसवून कपाटातून बंदूक काढली. आधी फोटो काढले. मग माझ्या हाताने टर्पेंटाइनचा बोळा नंबरावर ठेवला. पांढरा रंग पाच वर्षांचा, लवकर सुटेना. बिद्दप्पा मागे उभे राहून म्हणाले, "आता घासून घासून साताचा एक करणार वाटतं ही बाई." मॅडमनी त्यांना भिंतीपाशी उभं केलं. मी काडीला कापूस गुंडाळून रंग काढला आणि हात मागे घेतला. नख मी लावलं नाही. माझ्या नखावर आता कोणी विश्वास ठेवावा असं मला वाटत नव्हतं. पहिले मॅडमनी चाचपलं, मग पंचांनी. मॅडम म्हणाल्या, "वरची ही तिरपी रेघ पुढे संपतच जातेय." पंचांनीही तेच सांगितलं. जिल्ह्याचे शस्त्रतज्ज्ञ येऊन बघतील तेव्हा लेखी अहवाल होईल, असं मॅडमनी म्हटलं आहे.

बिद्दप्पांनी भिंग मागून घेतलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, खिडकीपाशी उजेडात नेऊन तिसऱ्यांदा बघितलं. मग म्हणाले, "ओरखडा आला कुठून?" त्याबाबत मला काही माहिती नाही. देचम्मा म्हणाली, "अप्पा, आपल्या भिंतीवर बंदुकीच्या वरच्या खुंटीला कोयता असतो. दर सणाला काढून घासायला तुम्हीच नेता." ती एवढंच बोलली. ती खुंटी नक्की कुठे आहे आणि कोयता काढताना टोक कुठे लागतं, हे मला स्वतःला एकदा जाऊन बघायचं आहे. माझ्या स्वभावाला औषध नाही.

पूवय्या दारापाशी बाकावर बसले होते. दोन महिन्यांत अंग निम्मं झालं आहे. मॅडमनी त्यांना बोलावलं. त्यांनी बंदूक हातात घेतली नाही, फक्त अंगठा टेकवला, डोळे मिटले आणि नख फिरवलं. कुट्टप्पा करीत तस्सं. हे त्यांना कोणी शिकवलं मला माहीत नाही. दुकानाच्या पायरीवर बसून बघत असतील. ते म्हणाले, "चार. तीन. सहा. एक." मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "अण्णा, मी भर अंगणात…" त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. ते म्हणाले, "पोन्नव्वा, सकाळपासून चहा तरी घेतलास का?" इथे मी रडले. हवालदार म्हणाले रडणं जबाबात येत नाही. मी म्हटलं, लिहा.

मॅडमनी मला विचारलं की कोर्टात वाचता यावा म्हणून हा नंबर आता पुन्हा पांढरा भरून द्याल का. मी नाही म्हटलं आहे. तज्ज्ञ येईपर्यंत खाच उघडी राहू दे. ज्याला वाचायचा आहे त्याने नखाने वाचावा. नंतर भरायचा की नाही, आणि माझ्याकडून भरून घ्यायचा की नाही, हे केळेयंडांनी ठरवावं. गावातल्या आणखी अडतीस बंदुकांवर माझ्या हातचे नंबर आहेत. त्यांची यादी मी ठाण्यात देत आहे. त्या सगळ्या मी एकही पैसा न घेता पुन्हा धुऊन तपासून देईन. यानंतर कोणी काम दिलं नाही तर माझी त्याबद्दल तक्रार राहणार नाही.

उद्या कैलपोळ्द आहे. कागद पुरे होईपर्यंत बंदूक उद्या घरी जाऊ शकत नाही, हे मला समजलं. माझी विनंती अशी की उद्या सकाळी एक कळलावीचं फूल ठाण्यात आणू द्यावं आणि ते नळीत खोवू द्यावं, पूवय्यांच्या हातून. विनंती जबाबात बसत नाही असं मॅडम म्हणाल्या. बसवा म्हटलं. त्या हवालदारांना म्हणाल्या, "घ्या लिहून." त्यावर भिंतीपाशी उभे असलेले बिद्दप्पा कोणाकडेही न बघता म्हणाले, "फूल रानातून आणायला याला एकट्याला कसं जमेल, चालवत नाहीये त्याला. मी जातो सोबत." पूवय्या म्हणाले, "पहाटे ये. आणि बडबड करू नकोस वाटेत."

हा जबाब सगळ्या गावासमोर केळेयंडांच्या अंगणात वाचला जावा, जिथे मी आधी बोलले तिथेच, असंही मी सांगते. ठाण्याला ते जमत नसेल तर मला एक नक्कल द्यावी. मी स्वतः वाचीन.

माझा हा जबाब हवालदार नागराजू यांनी लिहिला आणि मला सावकाश, दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वाचनात एका ठिकाणी "रंग भरताना माझ्याकडून चूक झाली असण्याची शक्यता आहे" असं लिहिलेलं आढळलं. मी ते खोडायला लावलं. त्या जागी "चूक मी केली" असं लिहवून घेतलं आणि खाडाखोडीशेजारी सही केली. दुसऱ्या वाचनात सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: पोन्नव्वा कुट्टप्पा ऐरी
खाडाखोडीस साक्ष, सही: केळेयंडा देचम्मा
समक्ष: शशिरेखा, फौजदार, नेल्लिकोप्प पोलीस ठाणे